पेंढ्यावरून उडालेला ड्रोन

ड्रोन जुळवून झाला की पहिल्यांदा तो सपाट, स्थिर जागी ठेवायचा, असं मोबाइलवरच्या व्हिडिओतला पोरगा हसत हसत सांगायचा. त्याला सांगायला काय जातंय! जानेवारी २०१९ मध्ये त्याने आमच्या पाड्यात येऊन स्थिर जागा शोधून दाखवायला हवी होती.

दिवाळीनंतर डहाणू-तलासरीच्या आमच्या पट्ट्यात जमीन हलायला लागली ती थांबेचना. कधी भांडी वाजायची, कधी नुसतं तळपायाला कळायचं. सगळा पाडा घरं सोडून खळ्यात ताडपत्रीखाली राहायला आला होता. सगळा म्हणजे माझी आये रखमी सोडून. ती झोपायला आमच्यात यायची आणि उजाडलं की घरात शिरून चूल पेटवायची. घरात कणगी, कणगीत भात आणि भातात कणसरी. धान्याच्या देवीला एकटं टाकून बाहेर रांधायचं, हे तिला पटतच नव्हतं.

घर पूर्ण कुडाचं असतं तर मी तोंड उघडलं नसतं. कूड हलतो, पण सहसा माणसाच्या अंगावर येत नाही. माझ्या बापाने मात्र मरायच्या आधी हौसेने मागची भिंत विटांची बांधली होती, आणि कौलांचा भार घेणारं आढं त्याच भिंतीवर टेकलं होतं. आता त्या भिंतीला भेग गेली होती. आढ्याचं टोक जागेवर आहे की सरकलंय, ते आतून माळ्यामुळे दिसत नव्हतं. वर चढावं तर चढणाऱ्याच्या वजनानेच सगळं खाली यायचं. आये म्हणायची, "काय झाला नाय घराला. तुम्हीच भित्रे."

मी आशागडला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करते. लग्नांचं शूटिंग करता येईल म्हणून ड्रोनचे भाग आधीच जमवले होते. चार मोटरा, चार पंखे, बॅटरी, छोटा कॅमेरा आणि या सगळ्यांना सांभाळणारा एक बोर्ड. आता लग्नं गेली खड्ड्यात, मला आढं बघायचं होतं.

पण बोर्ड काही ऐकेना. सुरू केला की आधी तो स्वतःचा तोल मोजतो, आणि मोजताना जरा हलला तरी लाल दिवा लावून हटून बसतो. मी ओट्यावर ठेवला, लाल. अंगणात ठेवला, लाल. मी वायरी उपसल्या, पुन्हा झाळल्या, बोर्ड विकणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धारल्या. थोरला भाऊ जीवन म्हणाला, "जयवंती, तुझ्या हातात गुण नाय." मीही त्याला चार शब्द सुनावले. मग एकदा दिवा लाल झाला तेव्हा माझी नजर शेजारच्या हंड्याकडे गेली. कुणी हात लावला नव्हता, तरी पाणी थरथरत होतं. बिघाड बोर्डात नव्हताच.

तेवढ्यात आये पेंढ्यात हात घालून कोंबडीची अंडी काढताना दिसली. एवढे धक्के बसले, पण पेंढ्यातलं एकही अंडं फुटलं नव्हतं. मी पेंढ्याचा जाड थर केला, वर सूप पालथं घातलं आणि त्यावर ड्रोन ठेवला. दिवा हिरवा झाला. मी इतक्या जोरात ओरडले की कोंबडी पळाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आये आत भाकरी थापत होती. "आये, दोन मिनटं बाहेर ये," मी म्हटलं. आतून उत्तर आलं, "तवा तापलाय."

थांबायचा धीर माझ्यात नव्हता. मी ड्रोन उडवला. जीवनच्या हातात मोबाइल होता, त्यावर चित्र येत होतं. सूप किंचित कललेलं असणार, कारण ड्रोन सारखा उजवीकडे, घराकडेच ओढ घेत होता. तो कौलांवर पडला असता तर छपराला तेवढाच धक्का पुरला असता. रिमोटवरचे माझे अंगठे घामाने सरकत होते. मी त्याला कसाबसा वर नेला आणि मागच्या भिंतीपाशी आणला.

"थांब," जीवन म्हणाला आणि त्याने मोबाइल माझ्याकडे वळवला. मी मान वळवून पाहिलं. कौलं घसरून उघडं पडलेलं आढ्याचं टोक भिंतीवर जेमतेम दोन बोटं टेकलेलं होतं.

"आये!" जीवन ओरडला. "भाईर ये आधी!"

"भाकरी हाय तव्यावर!"

बॅटरी संपत आल्याची पिपाणी ड्रोनवर वाजायला लागली. मला रडू येत होतं, आणि रागही. मी जीव खाऊन ओरडले, "तुझ्या भाकरीला आग लागो, आये, बघ तरी!"

ती आली. पिठाच्या हातांनी, मला दोन लगावायलाच आली. जीवनने मोबाइल तिच्यापुढे धरला. "कुणाचं घर दाखवतेस मना?" ती फणकारली. मग तिला कौलांवरचा सायकलचा टायर दिसला. वाऱ्याने कौलं उडू नयेत म्हणून बापाने टाकलेला, अजून तसाच होता. ती वाकून बघू लागली.

त्याच वेळी जमीन हलली. त्या दोघांनी मला धरलं, माझे अंगठे रिमोटवरच होते. मोबाइलवरचं चित्र मात्र जागच्या जागी होतं, कारण हवेतल्या ड्रोनला भूकंप कळतच नव्हता. त्या चित्रात आमचं घर मागेपुढे होत होतं. टायर घरंगळला. आढ्याचं टोक भिंतीवरून निसटलं आणि अर्धं छप्पर चुलीवर बसलं. आवाज आम्हाला समोरून आला.

"कणसरी माझी!" म्हणून आये धावली. जीवनने तिला कमरेला मिठी घालून अडवलं. धूळ विरली तसं चित्रात कणगी दिसली. उन्हात, कौलांच्या ढिगाऱ्यात, आहे तशी उभी.

आये मटकन बसली. चित्रातली कणगी तिने एकदा नीट बघून घेतली. मग तिने पदराला हात पुसले, जमिनीवरचे तीन दगड ओढून तिथेच खळ्यात चूल मांडली आणि मला म्हणाली,

"त्याला उतरव आता. पेंढ्यावर घे, दमला असंल."