चंद्रविलासची बाल्कनी

चंद्रविलास टॉकीजचं मंगल कार्यालय झालं, तेव्हा मालक हंबीररावांनी पडदा काढला, खुर्च्या भंगारात घातल्या. आकारामला मात्र ठेवून घेतलं. सव्वीस वर्षं मशीन चालवलेला ऑपरेटर आता दिव्या-पंख्यांची बटणं सांभाळायचा. काम हलकं, पगार त्याहून हलका. पण साठीच्या माणसाला दुसरीकडं विचारतो कोण?

दोन हजार चारच्या वैशाखात तिथं पहिलं लग्न लागलं. मुहूर्त बारा पस्तीसचा. पुरुष पुढं स्टेजजवळ, बायका वर बाल्कनीत, आणि बाल्कनीखाली चपलांचा ढीग आणि बटणांच्या फळीपाशी आकाराम. मागचं दार सकाळी बोटानं ढकललं तरी उघडत होतं. ते आता खांद्यानं रेटूनही हलेना. चौकट वरून दाबली गेली होती. त्यानं मान वर केली. बाल्कनीच्या तुळईलगत नव्या रंगाला लांबच लांब भेग पडली होती आणि तिच्यातून चुना गळत होता.



चंद्रविलास मूळचं नाटकाचं. सिनेमा आला तेव्हा बाल्कनीखालचे आठ खांब पडद्याच्या आड येतात म्हणून काढून टाकले होते. त्यांच्या जागी फरशीत सिमेंटची आठ गोल ठिगळं होती, कार्यालय झाल्यापासून आकाराम ती रोज झाडायचा. खांब गेल्यावर बाल्कनी कशाच्या आधारानं राहिली, हे मात्र त्याच्या डोक्यात कधी आलं नाही. त्याचा सगळा जन्म मशीनच्या केबिनमध्ये गेलेला. टॉकीज त्याला मशीनपुढच्या वीतभर झरोक्यातून दिसलं तेवढंच. त्या झरोक्यातून छतापासून बाल्कनीच्या कडेपर्यंत आलेल्या लोखंडी सळ्या दिसायच्या. त्यातल्या दोन मेल्या नेमक्या उजेडात येऊन पडद्यावर सावली पाडायच्या. पब्लिक शिट्ट्या मारायचं आणि शिव्या खायच्या आकारामनं. म्हणून रंगकामाच्या वेळी ठेकेदारानं विचारलं, तेव्हा पंख्यांच्या जुन्या सळ्या आहेत, खुशाल कापा, असं त्यानंच सांगितलं होतं. वर उभं राहून एकेक कापून घेतली होती.

पंखे चार होते. सळ्या आठ. फरशीतली ठिगळंही आठच.

तो हंबीररावांकडं धावला आणि बाल्कनी रिकामी करा म्हणून कानाशी लागला. फेटा सावरत पाहुण्यांचं स्वागत करणाऱ्या मालकांनी दात आवळून बजावलं, पहिल्या लग्नात अभद्र बोलशील तर याद राख. एवढ्यात पहिलं मंगलाष्टक सुरू झालं.

सिनेमाचं पब्लिक खुर्चीला चिकटून बसतं. लग्नाचं तसं नसतं. शेवटच्या मंगलाष्टकाला अक्षता टाकायला दीडशे बायका एकदम उठून कठड्याला भिडणार होत्या. आरडाओरडा केला तर घाबरून जिन्याकडं पळणार, म्हणजे आगीतून फुफाट्यात. मग त्याला डोअरकीपरांची जुनी खोड आठवली. खेळ संपूनही लोक उठेनात, की पंखे बंद करायचे.

त्यानं वरची चारही बटणं पाडली आणि जिन्याची दोन्ही दारं सताड उघडली.

वैशाखात त्या पत्र्याखाली पंख्याशिवाय तालमीतला पैलवानही टिकला नसता. बायकांनी पदरानं वारा घेतला, कार्यालयवाल्याचा उद्धार केला आणि दोघी-तिघी करत खाली उतरू लागल्या. तिसरं मंगलाष्टक झालं, चौथं झालं. बाल्कनी जवळजवळ ओस पडली. कठड्यावर कोपरं टेकून दहा-बारा जणी तेवढ्या राहिल्या, आणि त्यांच्या मधोमध त्याचीच बायको, शालूबाई.

आकाराम वर गेला. भिंतीला पाठ घासत तिच्या जवळ पोचला आणि खाली चल म्हणाला.

"पंचवीस वर्सं फुकटच्या पासावर खालीच बसवलंसा मला," शालूबाई मान न वळवता म्हणाली. "आज पुढची जागा घावलीया. मी न्हाय उठत."

बिचारीचं खरंच होतं.

"शालू, ह्या बाल्कनीच्या सळ्या म्याच कापाय लावल्या. ही आता कशाच्या जिवावर हाय, ते मला ठावं न्हाय. ऊठ. पर हळू."

शालूबाईनं त्याचा चेहरा पाहिला. मग बाकीच्या बायकांना म्हणाली, "चला गं, हितनं काय अक्षता नवरीपतोर पोचत न्हाईत." एकेकीला भिंतीकडेनं पुढं घालून ती सगळ्यांच्या मागून उतरली. तिचा पाय शेवटच्या पायरीवरून सुटेपर्यंत आकारामनं श्वास घेतला नाही.

लग्न लागलं. अक्षता पडल्या. वाजंत्री वाजली. बाल्कनी होती तिथंच राहिली.

हंबीरराव लालबुंद होऊन आले. दोन्हीकडचे व्याही उकाड्यानं भडकले होते, पहिल्याच दिवशी नाव गेलं होतं. चारचौघांत त्यांनी आकारामकडून किल्ल्या काढून घेतल्या आणि घरी जायला सांगितलं.

"कुठं पडली रं तुझी बाल्कनी?"

"न्हाय पडली, मालक," आकाराम म्हणाला. "चूक माझी हाय, सळ्या म्या कापाय लावल्या. नोकरी गेली तर जाऊ द्या. पर तुमी एकदा वर जाऊन कठड्याला टेकून हुबं ऱ्हावा. म्या खाली हुबा ऱ्हातो."

पाहुणे बघत होते. हंबीरराव तरातरा जिना चढू लागले. चौथ्या पायरीवर थांबले. आकाराम खरोखरच बाल्कनीच्या बरोबर खाली जाऊन उभा राहिला होता. मालकांनी एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा वर पाहिलं, आणि ते परत फिरले.

जिन्याच्या दोन्ही दारांना त्यांनी स्वतःच्या हातानं कुलपं घातली. किल्ल्या मात्र खिशातच ठेवल्या.