मधलं नाव

"पास कर दो ना अंकलजी, इतना बारीक कौन पढ़ता है!" आमचे मालक देवरामजी वैतागून म्हणाले.

"मैं पढ़ता हूँ," मी म्हणालो आणि घड्याळ नापास मालाच्या ट्रेमध्ये टाकलं. तबकडीवरच्या 'स्विस मेड'मधला एक एस चक्क गायब होता. लोक डुप्लिकेट घेतात, घेऊ देत बापडे. पण म्हणून काय अडाणी डुप्लिकेट द्यायचं?

जयपूरच्या सोडाला भागात, दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत माझं काम एवढंच. रेल्वेच्या सिग्नल खात्यात चौतीस वर्षं काढली, बदलीवर जयपूरला आलो तो इथलाच झालो. रिटायर झाल्यावर घरी बसून बायकोचं, यमुनेचं, डोकं खाण्यापेक्षा हे बरं. डोळ्याला भिंग लावायचं आणि भारी कंपन्यांच्या नकली घड्याळांवरच्या चुका पकडायच्या. माझी पद्धत ठरलेली आहे. ओळ नेहमी शेवटून वाचायची. सरळ वाचलं की डोळे लबाडी करतात, जे असायला हवं तेच दाखवतात.

त्या दिवशी एका ऑनलाइन ऑर्डरची चिठ्ठी आली. घड्याळाच्या पाठीवर नाव कोरायचं होतं. सवयीप्रमाणे शेवटून वाचलं. इंगळे. शेषराव. म्हटलं, माझंच नाव घालून थट्टा करतंय की काय कोणी? मग पहिला शब्द वाचला. पवन. खाली लग्नाची तारीख होती, नऊ मे.

पवन माझा मुलगा. सहा वर्षांपूर्वी रेल्वेची परीक्षा सोडून पुण्याला हॉटेलच्या किचनमध्ये जातो म्हणाला. मी रागाच्या भरात बोलून गेलो, "जा. पण पुन्हा माझं नाव लावू नको." तो गेला, नंबरही बदलला. मीही शोधलं नाही. खोटं कशाला सांगू, ताठा पहिलं वर्षभरच होता. पुढची सगळी वर्षं नुसती लाज वाटत राहिली.

देवरामजींनी मागून डोकावून पाहिलं. "ये बीच में क्या लिख दिया? दो आदमी हैं क्या? तीन शब्द की जगह नहीं है. बीचवाला काट दो."

इकडच्या लोकांत बापाचं नाव मध्ये घालायची रीत नाही, त्यांना काय कळणार!

"पूछ लेता हूँ, मराठी पार्टी है," मी म्हणालो. चिठ्ठीवरचा नंबर लावला. फोन नवरीने उचलला. सलोनी तिचं नाव.

"ताई, घड्याळाच्या दुकानातून बोलतो. नाव मावत नाही. मधलं काढू का?"

"अहो नको नको, ते त्यांच्या वडिलांचं नाव आहे! आडनाव काढा हवं तर. ते सहीसुद्धा तशीच करतात, पवन शेषराव."

विचारायचा अधिकार नव्हता, तरी विचारलं, "वडील येणार असतील ना लग्नाला?"

"काय माहीत, काका. विषय काढला की हे उठून जातात." मग ती हळूच म्हणाली, "घड्याळ सरप्राइज आहे. डुप्लिकेट आहे हे ओळखू येणार नाही ना त्यांना?"

"छे, त्याला घड्याळातलं काही..." मी जीभ चावली. "म्हणजे, कोणालाच ओळखू येणार नाही."

त्या ऑर्डरसाठी मी एकामागून एक चार घड्याळं नापास केली. चौथ्याला देवरामजी चिडले. "इसमें क्या फॉल्ट है?"

"नकली है," मी म्हणालो.

ते खोकला येईपर्यंत हसले. "अंकलजी, सब नकली है!"

पाचवं पास केलं. काय करणार? नाव मात्र समोर बसून कोरून घेतलं, पवन शेषराव.

घरी येऊन यमुनेला सगळं सांगितलं. ती पोळी लाटता लाटता थांबली. "नंबर घेतला?"

"पाठ आहे."

"मंग लावा न फोन! काहून असे माणूस हो तुम्ही?"

"आता लावला अन् त्यानं नाव खोडून टाकलं तर?"

तव्यावरची पोळी करपली.

नऊ मेला यमुनेने शिरा केला. आम्ही दोघांनी खाल्ला. माझ्या मुलाच्या लग्नाचं जेवण ते! दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडून नंबर वदवून घेतला, स्वतः लावला आणि फोन माझ्या हातात कोंबला.

"हॅलो?" सलोनीच होती.

सहा वर्षं काय काय बोलायचं ठरवलं होतं! त्यातलं एक अक्षर आठवेना.

"ताई, घड्याळाच्या दुकानातून बोलतो," मी म्हणालो. "पोचलं ना? काही तक्रार?"

"नाही हो काका, मस्त आहे! त्यांनी अजून हातातून काढलं नाही."

मागून कोणीतरी विचारलं, "कोण आहे गं?"

"घड्याळवाले काका. तक्रार आहे का, विचारतायत."

"नाही म्हणावं. थँक्यू सांग त्यांना."

तिने थँक्यू सांगितलं. मी बरं म्हणालो. फोन बंद झाला.

यमुना माझ्या तोंडाकडे बघत होती. "बोलला का जी? काय म्हणे?"

"आवाज तसाच आहे त्याचा," मी म्हणालो.