नदीला वाट देणारी भिंत

मी एक भिंत बोलतेय. घराची नव्हे हो, नदीकाठची पूरभिंत. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला मोकळं गवताळ रान. माझ्यामागे ना घर ना दार! मग मला इथं उभं केलं तरी कशाला, हे कोडं मला पहिल्या दिवसापासून पडलं होतं. पण विचारणार कुणाला?

जलखात्याच्या नियमपुस्तकात म्हणे लिहिलं होतं की पाणी काठाबाहेर पडता कामा नये. पडलं, की भिंत दोन हात वाढवायची. अशी मी तीनदा वाढले. उंच झालं की कुणाला बरं वाटत नाही? मलाही वाटलं.

माझी देखभाल एका मुकादमाकडे होती. माणूस भारी काटेकोर. भेगेत बोट घालून बघायचा, लगेच लिंपायचा आणि पूर ओसरला की वहीत लिहायचा, 'पाणी अडले.' वहीत रकाने दोनच, भिंत कधी वाढवली आणि पाणी अडलं का. अडलेलं पाणी पुढे गेलं कुठे, हे ना वही विचारायची, ना तो. मला मात्र राहून राहून वाटायचं, एवढं पाणी जातं तरी कुठे?

उत्तर आणलं त्याच्याच लेकीने. ती त्याच खात्यात इंजिनीअर झाली होती. खात्याचं धोरणही बदललं होतं. नदीला पसरायला जागा द्या, असं आता नवं पुस्तक सांगत होतं. एका दुपारी ती बापाची वही मांडीवर घेऊन माझ्या सावलीत बसली.

"बाबा, आत्याच्या घरात पाणी पहिल्यांदा कधी शिरलं?"

मुकादमाची थोरली बहीण नदीच्या खालच्या वळणावर राहायची. त्याने आठवून साल सांगितलं. लेकीने वहीवर बोट ठेवलं. त्याच्या आदल्याच वर्षी मी पहिल्यांदा वाढले होते. दुसऱ्यांदा वाढले, तेव्हा आत्याची शेगडी बुडाली. तिसऱ्यांदा पाणी खिडकीला लागलं. आता ती घर सोडायला निघाली होती, पेट्यासुद्धा बांधून झाल्या होत्या.

"अगं, मी तर तिलाच बोलायचो, गटारं साफ ठेव म्हणून," मुकादम वहीकडे बघत म्हणाला. "माझ्याच हातांनी तिच्या घरात पाणी घातलं की!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मधोमध फोडू या हिला," लेक म्हणाली. "पाणी रानात पसरू दे. आत्याला म्हणावं, एवढा एक पूर थांब."

"आणि नाही जमलं तर?"

"तर तिच्या पेट्या मी स्वतः उचलीन."

फोडायला मुकादमच आला. पहिला घाव घालण्याआधी त्याने माझ्यावरून हात फिरवला. दुखलं, खोटं कशाला बोलू! पण पुढे काय होतंय, याची उत्सुकता त्याहून जास्त होती.

पूर आला. पाणी खिंडारापाशी जरा घुटमळलं आणि रानात शिरलं. गवतात थबकलं, खळग्यांत साचलं, ऐसपैस पसरलं. इतकी वर्षं मी नदीला नुसतं धावताना पाहिलं होतं. तिला बसताही येतं, हे मला ठाऊकच नव्हतं!

मुकादम माझ्या उरलेल्या भागावर फोन कानाला लावून उभा होता. "ताई, कुठवर आलंय गं?"

"पहिल्या पायरीवर थांबलंय," पलीकडून आवाज आला. "मघापासून टक लावून बसलेय मी. वर चढेचना मेलं!"

मुकादम हसता हसता रडायला लागला. "मग सोड त्या पेट्या," तो म्हणाला.

आता माझे दोन तुकडे उरलेत, मधून नदी ये-जा करते. मला त्याचं वाईट वाटत नाही. फक्त एक विनवणी आहे. कुठेही नदीकाठी माझ्यासारखी बांधायला निघालात, तर आधी खालच्या वळणावरच्या घरी जा आणि विचारा, "ताई, तुमच्याकडे पाणी कुठवर येतं?"