नितळ पाण्याची पट्टी

पोरांनो, जरा कल्पना करा. कळमनुरीकडच्या एका धरणात पत्र्याची बोट सुसाट निघाली आहे. खाली पाण्यात जुनं गाव बुडालेलं आहे. भिंती, ओटे, पाराचे दगड, सगळं जागच्या जागी. कुठली भिंत किती वर आली आहे हे वरून कळत नाही. ते सांगायला बोटीत खोली मोजणारं यंत्र आहे, आणि नेमक्या याच वेळी त्याच्या पडद्यावर आकड्यांऐवजी नुसत्या रेघा उमटल्या आहेत.

"गेलं पुन्हा!" बोट चालवणाऱ्या मोहनसिंगनं वेग कमी केला. "संतरामकाका, यंत्रच भंगार हाय."

"हळू चालवलं की बराबर दाखवतं ना? मंग त्याला काहून शिव्या देऊन राहिला?"

संतराम पंपाचे मिस्त्री. चाळीस वर्षं विहिरींवरच्या मोटारींशी झगडलेला माणूस. बोटीचं काम त्यांचं नव्हे, तरी तीन दिवस ते हटले नव्हते. वायर बदलून झाली, बॅटरी बदलून झाली. गेल्या पावसाळ्यात पलीकडच्या शेतात त्यांच्या बायकोला, आशाबाईंना, साप चावला. रस्ता पाण्याखाली गेलेला. मोहनसिंगनं बोट काढली. पण वेग घेतला की यंत्र आंधळं व्हायचं, आणि बोट एखाद्या भिंतीवर आदळली असती तर सगळेच बुडाले असते. म्हणून हळूच जावं लागलं; पाऊण तास लागला. काठ यायच्या आधीच आशाबाई गेल्या. त्यावर दोघांत आजवर एक शब्द झाला नव्हता.

मोहनसिंगनं पुन्हा वेग घेतला तेव्हा संतरामनं मागच्या पत्र्याला तळवा लावला. थरथर ओळखीची होती.

"मोहन, आपला पंप पाणी ओढायचं कवा सोडतो?"

"हवा धरल्यावर."

"मंग ह्याच्या डोळ्याखालीबी हवाच येऊन राहिली."

यंत्राचा डोळा बोटीच्या मागे, तळाशी होता. तो खाली आवाज सोडतो आणि धरणाच्या तळाला आपटून आलेला आवाज ऐकतो. मधे बुडबुडे आले की ऐकणार काय?

"दिपे, माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू. तू बघ, पाणी कुठं पांढरं, कुठं नितळ."

सोबत आलेली सातवीतली नात दिपा मागे वाकली. आजोबांनी तिच्या जाकिटाचा पट्टा घट्ट धरला.

"आबा, पत्रा जोडणाऱ्या रिबिटांच्या ओळीमागं दुधावानी फेस हाय, अन् डोळा तिथंच! उजवीकडं दीड वीत सोडलं की काचेसारखं!"

बोट काठावर ओढली. जुनी भोकं बुजवून संतरामनं डोळा त्या नितळ पट्टीत बसवला, तळापेक्षा नखभर खाली. पहिल्या फेरीत आकडे लुकलुकले आणि गेले.

"ऱ्हाऊ द्या काका."

"पंप पहिल्या झटक्यात पाणी देतो का रे कधी?"

डोळ्याचा कल किंचित बदलला. पुन्हा रेघा. आणखी किंचित. तिसऱ्या फेरीला मोहनसिंगनं पूर्ण वेग दिला आणि दिपा आकडे वाचू लागली. बारा फूट. अकरा. नऊ. जुन्या गावावर चार. पुन्हा नऊ. एकही रेघ नाही.

त्या दिवशीच्या पाऊण तासाच्या वाटेवर अकराव्या मिनिटाला काठ आला. इंजिन बंद झालं, पण मोहनसिंगचा हात दांड्यावरून निघेना.

"काका, त्या दिवशी..."

"त्या दिवशी तू आमाला बुडू दिलं न्हाईस," संतराम म्हणाले.

दिपा दोघांकडे बघत होती. "आबा, आणखी एक फेरी."

"आता काहून?"

"माणूस आडवा असला की बोटीचा तोल बदलतो. तवाबी आकडे टिकले पायजेत."

ती उठली. मधल्या फळीवर, आजीला निजवलं होतं तिथंच, पाठ टेकून आडवी झाली आणि हात छातीवर घेतले.

"मोहनकाका, पळवा."