डबाभर चवळी

"बियाण्याची पावती कुठाय?" विम्याचा माणूस चिखलात बूट सांभाळत पुन्हा म्हणाला, तसं ईझेलदादाचं डोकं सणकलं.

"आरं लेका, पीक मातीत गेलं, अन् तू पावतीचं काय घिऊन बसलाईस?"

मी कोरीन, त्याची बांधाला बांध असलेली शेजारीण. मला मध्ये पडणं भाग होतं. अलाबामाच्या आमच्या काळ्या रानात गारांनी चवळी झोडपून काढली होती. विम्याचे पैसे मिळाले नाहीत तर ईझेलदादाला बापाचं रान विकावं लागणार, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

विम्याला पेरणी ठरल्या तारखेच्या आत लागते. आणि कर्जाच्या हपिसात गोऱ्यांचे कागद पुढं सरकतात, आम्हा काळ्यांचे तळाशी दबतात. आमच्या हाती बियाण्याचा पैसा येतो तो पेरणीची वेळ टळल्यावर. म्हणून मी माझ्या घरची चवळी डबाभर त्याला दिली. आमच्यात तसंच चालतं, पीक आलं की डबा भरून परत.

"बियाणं मी दिलंय. मला इचारा की!"

"विकलंत का, बाई?"

"शेजाऱ्याला कोण इकतंय?"

"मग पेरलं होतं याला पुरावा काय?"

ईझेलदादाची बायको व्हर्लीन खो खो हसली. "म्हंजी गारा काय गवतावर पडल्या व्हय?"

"थांबा, आत्ता लिवून देते पावती," मी म्हटलं.

"लिव्ह," ईझेलदादा म्हणाला, "अन् रविवारी चर्चमधी बसून त्ये खोटं गिळ. न्हाई, कोरीन. दिलंस ते दिलंस."

विम्याचा माणूस तसा वाईट नव्हता. पावतीशिवाय पैसे मिळणार नाहीत म्हणाला, टोपी काढून माफी मागून गेला. मला त्याचाच जास्त राग आला. वाईट असता तर चार शिव्या तरी देता आल्या असत्या.

पुढं उन्हाळा सरता सरता ईझेलदादाचं कर्ज मंजूर झालं. बियाण्यासाठी!

"वरातीमागून घोडं," ईझेलदादा म्हणाला आणि त्या दिवशी जेवलाच नाही.

पानगळीत व्हर्लीन डबा परत घेऊन आली, घासून लख्ख केलेला. भांडं रिकामं परत करायची आमच्यात रीत नाही. झाकण उघडलं तर तळाशी मूठभर चवळी होती, कुंपणाच्या आडोशाला वाचलेल्या वेलांची.

"ही बियाण्याला ठेव की गं तुलाच," मी म्हटलं.

"पेरू कुठं? रान गेलं काल."

ती पायरी उतरली, मग मागं वळून म्हणाली, "पावती नगं न्हवं?"