नागोजीरावांची मापाची वही

"श्वास सोड रे भुवन. पोट आत ओढून माप दिलंस तर पँट साखरपुड्यातच फाटंल."

भाच्याने श्वास सोडला आणि नागोजीरावांच्या टेपने अडतीस दाखवले. मापाच्या वहीत दोन वर्षांपूर्वीच्या पानावर चौतीस होते. बाकावर भुवनची होणारी बायको हर्षिता कापडाचे नमुने चाळत बसली होती.

घराण्याचे रंगारीकाम आजोबांबरोबर संपले आणि नागोजीरावांनी मंडी मोहल्ल्यात शिंप्याचे दुकान थाटले. त्यांचा तीस वर्षांचा रिवाज एकच. कंबर कितीही वाढो, गिऱ्हाइकाला "तितकंच आहे" म्हणायचे आणि गुपचूप पँट सैल शिवायची. खोटे बोलावे तर असे, की ऐकणारा खूश होऊन दुसऱ्या दोघांना घेऊन यावा! त्या गोडव्यापायी माणसे हिनकलहून, पार सरगूरहून यायची.

मग कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दुकानाचे जुने गिऱ्हाईक राघवेंद्र मास्तर गेला. वय चौतीस, सुपारीच्या खांडाचेही व्यसन नाही. शेजारचे ऐंशीचे दत्तोजीराव चार दिवस खोकून बरे झाले आणि हा तरणाबांड नऊ दिवसांत संपला. लोक म्हणाले, नशीब. पण नागोजीराव मुळातच चौकस, त्यांचे नशिबावर समाधान होईना. त्यांनी जुन्या वह्या काढल्या. राघवेंद्रची कंबर पाच मापांत बत्तीसवरून चाळीसवर गेली होती. ऑक्सिजनवर पडलेली आणखी तीन तरुण गिऱ्हाइके त्यांनी वहीत शोधली. दोघांचे आकडे तसेच चढलेले. तिसरा चिदंबर मात्र काडी पहिलवान! सगळा तर्कच कोसळला.

न राहवून त्यांनी ब्लाउज न्यायला आलेल्या डॉक्टर सहनाला विचारले. ती आधी हसली, मग गंभीर झाली.

"चिदंबरला शुगर होती काका, त्यालाच ठाऊक नव्हती. नुसत्या कंबरेवर काही ठरत नाही. पण जास्तीचं वजन, शुगर, बीपी असलं, की तरुणालासुद्धा हा आजार जड जाऊ शकतो. आधी तपासून घ्यायला पाहिजे. पण ही पोरं माझ्याकडं येतातच कुठं?"

माझ्याकडे येतात, नागोजीरावांच्या मनात आले.

"किती झालं मामा?" टेपकडे वाकून बघत भुवनने विचारले. "तितकंच, अल्वा, हो ना?"

सवयीचा शब्द जिभेवर आलाच होता. हर्षितासमोर पोराची शोभा होणार, त्याची आई महिनाभर आपल्याशी बोलणार नाही, हे नागोजीरावांना स्पष्ट दिसत होते.

"अडतीस," ते मोठ्याने म्हणाले. "दोन वर्षांत चार इंच वाढलंय. उद्या शुगर, बीपी बघून ये. मगच कापडाला कात्री लावतो."

भुवन लालबुंद झाला. "अय्यो मामा, हिच्यासमोर? सगळ्यांना सुम्ने, उगीचच तितकंच आहे म्हणता, मग मलाच काय असं?"

"राघवेंद्रलासुद्धा तितकंच म्हणालो होतो," नागोजीराव म्हणाले. "चारदा."

हर्षितानेच हळूच विचारले, "मामा, डॉक्टर सकाळी किती वाजता येतात?"

"सातला. उपाशीपोटी जा म्हणावं."

मग नागोजीराव पाठमोरे झाले आणि स्वच्छच असलेले मशीन पुसत राहिले.