कानामागचं बोट

तुमच्या कानामागे बोट टेकवून कोणी कधी म्हटलंय का, "जा, चहा पिऊन ये, मग पाहू"?

नसेलच म्हटलं. असं म्हणणारा एकच माणूस मला माहीत होता आणि तो आता नाही. मी त्याची रंगाची पेटी. गोंदियाच्या पलीकडल्या बालाघाट शहरातल्या एका दोन खोल्यांच्या घरातून, कपाटावरून बोलतेय. माझ्या एका बाजूला थंडीतल्या रजया आहेत, दुसऱ्या बाजूला भिंत. कालपर्यंत चार महिने माझं झाकण कोणी उघडलेलं नव्हतं.

मला घडवलं ते बाजारातल्या एका पत्रेवाल्यानं, एका कंपाउंडरसाठी. त्याला सुया आणि बाटल्या ठेवायला पेटी हवी होती. त्याची बैहरला बदली झाली आणि तो मला न्यायला आलाच नाही. वर्षभर मी दुकानात खिळ्याला लटकून होते. वाट पाहणं मी तिथंच शिकले.

मग मला चैतराम घेऊन गेला. दिवसा तो राइस मिलमध्ये कामाला असे. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरायची, मंडईच्या दिवशी नाटक असायचं, आणि त्या नाटकांत तोंडं रंगवायचं काम चैतरामचं. त्यानं माझ्या झाकणाला आतून दाढीचा आरसा बसवला, सफेदा, कुंकू, काजळ असे कप्पे केले, आणि सायकलच्या कॅरियरला बांधून मला किरनापूर, लांजी, वारासिवनीपर्यंत फिरवलं. माझे ते सगळ्यात चांगले दिवस. माझ्याभोवती सतत माणसं असायची.

एकदा खेमराज नावाच्या नटाला राणी करायचं होतं. तेव्हा बायांची कामं पुरुषच करत. चैतरामनं नवीन आणलेला रंग त्याच्या तोंडाला लावला. दुसऱ्या अंकापर्यंत खेमराजचा चेहरा भाकरीसारखा फुगला, एक डोळा मिटला. बिचाऱ्यानं उरलेलं नाटक पदर नाकापर्यंत ओढून केलं. लोकांना वाटलं, राणी लाजरी आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. चैतराम मात्र पडद्यामागे माझ्यावर हात ठेवून खाली मान घालून बसला होता.

त्या दिवसापासून त्यानं नेम केला. नट समोर बसला की पहिलं बोट कानामागे. "जा, चहा पिऊन ये." चहा होईपर्यंत काही झालं नाही, तरच तोंडाला रंग. का, ते त्यानं कधी कोणाला सांगितलं नाही. शरम वाटायची त्याला. मला कारण माहीत होतं, पण पेटीला तोंड कुठं असतं?

त्याची मुलगी नूतन लहानपणापासून माझ्याजवळ बसून रंग कालवायची. तिचं लग्न झालं, मोडलं, ती परत आली. घरात कोणी त्याबद्दल बोलत नाही, म्हणून मीही बोलत नाही. चैतराम गेला, नाटकंही कमी झाली, तेव्हा तिनं माझ्यातला सफेदा काढून टाकला, मला सोड्याच्या पाण्यानं धुतलं आणि पावडर, लिपस्टिक, ब्रश भरले. ती नवऱ्या मुली सजवू लागली.

नवऱ्या मुलींबद्दल एक सांगू? आरशासमोर बसलेली नवरी स्वतःला फार थोडा वेळ पाहते. ती आरशातून मागे पाहते, आई कुठं आहे ते. नूतनला हे माहीत होतं. ती आधी आईला जवळ बोलावून बसवायची, मग नवरीच्या कानामागे बोट टेकवायची. "बाई, आता चहा पी." घरातल्या बाया हसायच्या. "नूतनबाईचा शकुनाचा नेगच आहे हा," म्हणायच्या. हळूहळू नूतनलाही तसंच वाटू लागलं असावं, बाबांची एक रीत म्हणून.

यंदा वैशाखात आम्ही मलाजखंडला गेलो. तांब्याच्या खाणीच्या कॉलनीतलं मोठं लग्न होतं. नवरीचं नाव श्रुतिका, गोड मुलगी. तिची आत्या सुनंदाताई दारातच भेटली.

"कोर्स कुठून केला तुम्ही?"

"बाबांजवळ शिकली."

"म्हणजे सर्टिफिकेट नाही? लायसन वगैरे लागतं ना याला?"

नूतननं माझी कडी उघडली. सुनंदाताईनं खास नागपूरहून मागवलेली फाउंडेशनची नवी बाटली पुढे केली. "हीच लावा. तुमचं ते पेटीतलं नको."

नूतननं बाटलीतून थोडं बोटावर घेतलं आणि श्रुतिकाच्या कानाकडे नेलं.

"हे काय?"

"जरा थांबा लागते. चहा पिऊ द्या तिले."

"का पण?"

नूतननं तोंड उघडलं. मी माझ्या सगळ्या पत्र्यानिशी ताठ झाले. सांग, सांग, खेमराजचं सांग! पण खेमराजचं तिला कुठं माहीत होतं? "बाबा करत," एवढंच ती म्हणाली.

सुनंदाताई हसली. "टोणाटोटका आहे का? अहो, चारचा मुहूर्त आहे. ये सब गाँव में चलता है."

बाकीच्याही हसल्या. नूतननं बोट पुसलं आणि सरळ गालापासून सुरुवात केली.

मंगलाष्टकांपर्यंत सगळं ठीक होतं. पंगती बसेपर्यंत श्रुतिका दोनदा म्हणाली, "मौशी, खाजून राह्यलं." मग गाल सुजले, पापण्या जड झाल्या. डॉक्टरांना बोलावलं, सुई दिली. जिवावरचं काही नव्हतं. पण पाठवणी झाली ती तोंडावर ओढणी ओढूनच. सुनंदाताईनं बाटली माझ्यात फेकली आणि म्हणाली, "घेऊन जा." श्रुतिका मात्र एका शब्दानंही बोलली नाही. जाताना तिनं नूतनचा हात दाबला. नूतनला तेच जास्त लागलं. बसमध्ये मी तिच्या मांडीवर होते, उकवा गाव येईपर्यंत तिची आसवं माझ्या झाकणावर पडत होती.

बातमी आमच्या आधी बालाघाटला पोचली होती. आखाडापर्यंतची ठरलेली कामं एकेक करून गेली. नूतननं मला कपाटावर ठेवलं.

वरून घर वेगळं दिसतं. मला नूतनच्या डोक्याचा भांग दिसतो, पांढरा होत चाललेला. तिची आई दुर्गाबाई दिवसभर तांदूळ निवडते आणि दाराकडे पाहते. कोणी विचारायला येईल म्हणून दोघी वाट पाहतात आणि एकमेकींना तसं सांगत नाहीत. पूर्वी मला वाटायचं, एकटेपणा म्हणजे जवळ कोणी नसणं. आता कळलं, माहीत असलेलं सांगता न येणं हाही एकटेपणाच आहे.

एक दिवस नूतन नगरपालिकेत विचारायला गेली, चेहरे सजवायला लायसन लागतं का. परत येऊन तिनं आईला बाबूसाहेबाची नक्कल करून दाखवली. "म्हणतो, बाईजी, दुकान का लायसेंस होता है, हाथ का नहीं होता."

दुर्गाबाई खुश झाली. "पाह्य! लागतच नाई मंग. आता काहाची चिंता?"

"माय, पण श्रुतिकाचे गाल?" नूतन म्हणाली. दुर्गाबाईनं तांदळाचं सूप पुढे ओढलं.

परवा नूतन गोंदियाला गेली होती. तिथं चेहरे सजवायचा सहा महिन्यांचा कोर्स आहे, तिला एक दिवस नुसतं बसून पाहू दिलं. काल दिवेलागणीला परतली ती चपला न काढताच बोलू लागली.

"माय, त्यायनं पहिल्याच तासाले काय शिकवलं माहीत आहे? कानामागं लावून पाहाचं! बाबांचंच! त्याले नाव आहे, पॅच टेस्ट म्हणते. कोनाचं आंग काहून सुजते, तेही सांगितलं."

"मंग तुले येतेच ना सारं. कायले जातं? त्रेचाळीस वर्साची घोडी, पोरीपोरीत बसशीन काय?"

"बसीन. माय, मले येत होतं, पण त्या दिवशी त्या बाईनं 'का' म्हटलं, तर माह्या तोंडून काईच निंगालं नाई. आनिक एक. तिथं म्हणते, पूरा एक दिवस थांबा. चहानं भागत नाई."

"तुह्या बापानं जिंदगीभर चहावरच भागवलं," दुर्गाबाई तडकून म्हणाली. "तो काय येडा होता?"

नूतननं स्टूल ओढलं आणि मला खाली उतरवलं. चार महिन्यांनी! माझी कडी करकरली. आत मलाजखंडची ती बाटली तशीच होती. नूतननं थोडं बोटावर घेतलं आणि स्वतःच्या कानामागे लावलं.

"माय, चहा मांड."

दोघी चहा प्यायल्या. दुर्गाबाईनं चष्मा लावून लेकीचा कान नीट पाहिला. "पाह्य, काई नाई झालं. हे बाटली चांगली, तुहा बापही चांगला. उगाच जाऊन राह्यली तू."

नूतन हसली, पण कान पुसला नाही. नाव नोंदवायचा उद्या शेवटचा दिवस, नाहीतर पुढच्या वर्षी, एवढंच म्हणाली. मला पुसून तिनं परत वर ठेवलं. कोर्सात सगळ्यांना एकसारखे नवे डबे देतात, घरचं सामान चालत नाही, असं ती आईला सांगत होती. हळू आवाजात, मला ऐकू जाऊ नये तसं.

माझी तक्रार नाही. चैतरामला जे शिकायला मिळालं नाही ते हिला मिळू दे. वाचणाऱ्या बायांनो, तुमच्याही घरात आई-बापाची अशी एखादी रीत असेल, जिचं कारण कोणी सांगितलं नसेल. ते जिवंत आहेत तोवर विचारून घ्या. आणि नूतन, तू मला ने अथवा नको नेऊ, पण महिन्यातून एकदा झाकण उघडत जा. कडी गंजते ग.

आज सकाळी नूतनच्या कानामागे रुपयाएवढा लाल चट्टा उठला होता. तिनं तो आईला दाखवला, केस वर बांधले आणि सहाच्या गाडीनं ती गोंदियाला गेली.